द्वेषातून घडलेला गुन्हा: युरोपचे नियम, भारताची कलमे आणि महाराष्ट्राचा अनुभव

जून २०२३ मध्ये कुर्ल्यात राहणाऱ्या एका तरुणाला नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी-घोटीच्या परिसरात जमावाने बेदम मारले. गाडीतून गोमांस नेले जात असल्याच्या संशयावरून ही मारहाण झाल्याचे तपासात पुढे आले. तरुणाचा मृत्यू झाला, सोबतचा माणूस जखमी झाला. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला आणि संशयितांना अटक केली. कायद्याची नेहमीची यंत्रणा सुरू झाली. मात्र त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतील खुनाच्या कलमाला, म्हणजे ३०२ला, एक प्रश्न विचारताच येत नव्हता: या माणसावर हल्ला होण्यात त्याच्या ओळखीचा, धर्माचा, समाजाचा वाटा होता का? कलमाच्या दृष्टीने पैशावरून झालेला खून आणि ओळखीवरून झालेला खून सारखाच होता.

हा प्रश्न विचारला जावा का, तो कोणी विचारावा आणि उत्तर ‘हो’ आले तर शिक्षेत काय फरक पडावा, यावर जगभर तीस-चाळीस वर्षे विचार सुरू आहे. युरोपीय संघाने २००८ मध्ये त्यासाठी सर्व सदस्य देशांना बंधनकारक असा नियम केला आणि प्रत्येक देशाने आपला फौजदारी कायदा त्याच्याशी जुळवून घ्यावा, असे ठरवले. भारतात जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने देशपातळीवर प्रथमच जमावाने ओळखीच्या कारणावरून केलेल्या खुनाला वेगळे स्थान दिले. कुर्ल्यासारख्या ठिकाणी हा विषय दूरचा वाटत नाही. बुद्ध कॉलनी, कुरेशीनगर, नेहरूनगर या वस्त्या एकाच स्थानकाच्या आसपास आहेत आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवर रोज उत्तर आणि दक्षिण भारतातून आलेली माणसे उतरतात. जात, धर्म, भाषा आणि जन्मस्थान या चारही गोष्टींवरून माणसाला हेरले जाण्याची शक्यता इथल्या रहिवाशांना ठाऊक आहे. या चर्चेची पार्श्वभूमी, त्यातील मुख्य भूमिका आणि आजवर न सुटलेले मुद्दे यांचा हा आढावा.

एक करार, दोन वाटा

युरोप आणि भारत या दोघांच्या कायद्यांमागे एक समान दस्तऐवज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्यातील चौथा अनुच्छेद वांशिक द्वेषाची चिथावणी आणि वंशाच्या कारणावरून होणारी हिंसा यांना गुन्हा ठरवण्याची जबाबदारी देशांवर टाकतो. भारताने डिसेंबर १९६८ मध्ये या कराराला मान्यता दिली. करारात वंश आणि वर्णाबरोबर ‘कुळा’चा, म्हणजे जन्माने येणाऱ्या वंशपरंपरेचाही उल्लेख आहे. वंशवादाविरुद्धच्या २००१च्या डर्बन परिषदेत आणि तिच्या आसपास दलित संघटनांनी जातीचा प्रश्न याच आधारावर मांडला. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या समितीने २००२ मध्ये जातीवर आधारलेला भेदभावही त्यात येतो, असे मत नोंदवले. जात म्हणजे वंश नव्हे आणि जातिभेदाचा बंदोबस्त भारताचे संविधान व कायदे करतात, ही भारत सरकारची भूमिका कायम राहिली.

भारताची वाट त्याआधीच वेगळी पडली होती. संविधानाच्या अनुच्छेद १७ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. १९७६ मध्ये त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. पुढे १९८९चा अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. लोक त्याला सरळ ‘अ‍ॅट्रॉसिटी’ म्हणतात. द्वेषमूलक गुन्ह्यांच्या जागतिक चर्चेत या कायद्याचे नाव क्वचितच घेतले जाते. प्रत्यक्षात पीडिताची सामाजिक ओळख आणि गुन्हा यांची सांगड घालून वाढीव शिक्षा, विशेष न्यायालय आणि नुकसानभरपाई अशी संपूर्ण व्यवस्था उभी करणारा हा कायदा युरोपच्या नियमाहून जवळजवळ वीस वर्षांनी जुना आहे.

युरोपची वाट दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या संहारातून आणि नंतर स्थलांतरितांवर झालेल्या हल्ल्यांतून गेली. ब्रिटनमध्ये एप्रिल १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय युवकाचा लंडनमध्ये खून झाला. तपासात झालेल्या हलगर्जीमुळे न्यायमूर्ती मॅकफर्सन यांची चौकशी नेमली गेली. १९९९च्या त्यांच्या अहवालाने पोलिसी कामकाजाची दिशा बदलली: पीडिताला किंवा अन्य कोणालाही एखादी घटना वंशद्वेषी वाटली, तर पोलिसांनी ती तशी नोंदवून तपासली पाहिजे. आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये, ब्रिटनने वंशद्वेषाने गंभीर झालेल्या गुन्ह्यांची वेगळी कलमे केली होती.

युरोपची चौकट आणि तिचे प्रत्यक्ष

युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने २८ नोव्हेंबर २००८ रोजी केलेल्या ‘चौकट निर्णया’चे दोन भाग आहेत. पहिला भाग भाषणाचा. वंश, वर्ण, धर्म, कुळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून ओळखल्या जाणाऱ्या समूहाविरुद्ध हिंसेला वा द्वेषाला जाहीर चिथावणी देणे, तसेच ठरावीक परिस्थितीत वंशसंहार नाकारणे किंवा त्याचे समर्थन करणे हा गुन्हा मानला जावा. दुसरा भाग कृतीचा. इतर कोणत्याही गुन्ह्यामागे वंशद्वेष किंवा परकीयद्वेष असेल, तर तो हेतू गुन्ह्याची गंभीरता वाढवणारा मानावा किंवा निदान शिक्षा ठरवताना न्यायालयाला तो विचारात घेता यावा. दोन्हींतली कोणतीही पद्धत देशाने निवडावी. याखेरीज, पहिल्या भागातील गुन्ह्यांच्या किमान सर्वांत गंभीर प्रकरणांत तरी पीडिताच्या तक्रारीवाचून तपास अडू नये, असेही त्यात आहे.

सदस्य देशांना यासाठी दोन वर्षांची मुदत होती. ती संपल्यावर, २०१४ मध्ये, युरोपीय आयोगाने घेतलेल्या आढाव्यात अनेक देशांचे कायदे अपुरे आढळले. २०२०च्या अखेरीपासून आयोगाने एस्टोनिया, रोमानिया अशा देशांविरुद्ध नियमभंगाची कार्यवाही सुरू केली. जर्मनीने नवनाझी टोळीच्या खूनसत्राचा तपास वर्षानुवर्षे चुकीच्या दिशेने गेल्याचे उघड झाल्यावर २०१५ मध्ये दंडसंहितेत दुरुस्ती केली आणि वंशद्वेषी हेतू शिक्षा ठरवताना विचारात घेण्याचे स्पष्टपणे लिहिले. आयर्लंडला तर २०२४ उजाडावे लागले. तिथे आलेल्या मूळ विधेयकात गुन्हा आणि भाषण हे दोन्ही भाग होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरून मोठा विरोध झाला आणि शेवटी भाषणाचा भाग वगळून केवळ द्वेषमूलक गुन्ह्यांचा कायदा संमत झाला. नियमाच्या एका अर्ध्यावर एकमत आणि दुसऱ्या अर्ध्यावर मतभेद, हा अनुभव पुढे भारताच्या संदर्भातही महत्त्वाचा ठरतो.

कायद्याच्या मजकुरापेक्षा तपासाला महत्त्व देण्याचे काम युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने केले. ‘नाचोवा विरुद्ध बल्गेरिया’ या २००५च्या निकालात रोमा या अल्पसंख्य समाजातील दोन तरुणांना लष्करी पोलिसांनी गोळ्या घालण्याचे प्रकरण होते. हत्या वंशद्वेषातूनच झाली, असे न्यायालयाने ठरवले नाही. पण तसा संशय घ्यायला जागा असताना त्या दिशेने तपासच न करणे, हा राज्यसंस्थेकडून झालेला हक्कभंग आहे, असे त्याने म्हटले. हेतू सिद्ध होणे ही एक पायरी आणि हेतू शोधणे ही तिच्या आधीची पायरी, असा हा भेद आहे.

भारतीय कायद्याचे तीन थर

भारतात द्वेषमूलक गुन्ह्यांसाठी एकच कायदा नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या घटनांनंतर रचले गेलेले तीन थर आहेत.

पहिला थर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा. त्याचे संरक्षण अनुसूचित जाती-जमातींपुरते आहे आणि आरोपी त्या प्रवर्गांबाहेरचा असावा लागतो. म्हणजे कायद्याची रचना जाणीवपूर्वक एकतर्फी आहे, कारण ज्या अन्यायावर तो उपाय आहे तो अन्यायही एकतर्फी होता. युरोपचा नियम उलट प्रकारचा आहे. तिथे ‘वंश’ किंवा ‘धर्म’ हा निकष असतो, त्यामुळे अल्पसंख्य आणि बहुसंख्य दोघांनाही तो लागू होतो.

दुसरा थर भाषणाचा. समूहांमध्ये वैर वाढवण्याबद्दलचे १५३अ हे कलम ब्रिटिशांनी १८९८ मध्ये आणले आणि धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे २९५अ हे १९२७ मध्ये. न्याय संहितेत त्यांचे अनुक्रमे १९६ आणि २९९ झाले. या गुन्ह्यांत न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची पूर्वमंजुरी लागते आणि अनेक खटले तिथेच थांबतात.

तिसरा थर झुंडबळीचा. १७ जुलै २०१८ रोजी ‘तहसीन पूनावाला’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तपशीलवार निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जा नसलेला समन्वय अधिकारी, जलदगती न्यायालये, शक्यतो सहा महिन्यांत खटल्याचा निकाल, भरपाईची योजना, हलगर्जी करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई, आणि संसदेने स्वतंत्र गुन्हा निर्माण करावा अशी शिफारस. मणिपूरने २०१८ मध्ये कायदा केला. राजस्थान, पश्चिम बंगाल आणि झारखंड यांच्या विधानसभांनी विधेयके मंजूर केली, पण ती संमतीच्या टप्प्यावर अडकली. न्याय संहितेच्या कलम १०३च्या दुसऱ्या पोटकलमाने यावर केंद्रीय उत्तर दिले: पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केल्यास प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. गंभीर दुखापतीसाठी कलम ११७मध्ये अशीच तरतूद असून तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘धर्म’ हा शब्द या यादीत थेट नाही. तो ‘समुदाय’ आणि ‘वैयक्तिक श्रद्धा’ यांत येतो, असे मानले जाते.

या थरांच्या मधली एक फट ईशान्य भारतातील लोकांच्या अनुभवातून दिसली. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून होणाऱ्या अपमान व हिंसेसाठी दंड संहितेत दोन नवी कलमे सुचवली. ती कायद्यात आली नाहीत.

महाराष्ट्रातील खटल्यांनी दाखवलेल्या अडचणी

हेतू सिद्ध करणे किती अवघड असते, हे महाराष्ट्राइतके ठळकपणे फार थोड्या राज्यांत दिसले असेल. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावात एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले आणि घटनेमागे सूडभावना असल्याचे धरले. राज्यभरातील दलित समाजाला हा निर्णय पचला नाही. ज्या गावात जातीची उतरंड रोजच्या व्यवहारात आहे, तिथे सूड आणि जात वेगळे कसे काढायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

कायद्याच्या भाषेत ही अडचण नेमकी होती. त्या वेळचे कलम, गुन्हा पीडित अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ घडला असावा, असे म्हणत होते. २०१५च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, हा निकष बदलला. आता पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे ‘हे माहीत असून’ गंभीर गुन्हा केला, एवढे पुरते. शिवाय आरोपीची पीडिताशी ओळख असेल तर त्याला जात माहीत होती, असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. २०२१च्या ‘पाटण जमाल वली’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने या बदलाची दखल घेतली. जात हे गुन्ह्यामागच्या अनेक कारणांपैकी एक असले तरी पुरे आणि जात, लिंग, अपंगत्व यांचा एकत्रित परिणाम पाहिला पाहिजे, असे सांगितले. ब्रिटनने याच अडचणीवर वेगळा मार्ग काढला आहे. तिथे आरोपीचा हेतू पूर्णपणे वा अंशतः वंशद्वेषी असणे किंवा गुन्ह्याच्या वेळी, लगेच आधी वा नंतर त्याने शत्रुत्व व्यक्त करणे, यांपैकी काहीही एक पुरते. भारताने ज्ञानाचा निकष घेतला, ब्रिटनने व्यक्त शत्रुत्वाचा. दोघांचीही धडपड मनातल्या हेतूवरून पुराव्यात दिसणाऱ्या गोष्टीकडे जाण्याची आहे.

दुसरे प्रकरण पुण्याचे. जून २०१४ मध्ये हडपसरला समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह चित्रांवरून तणाव असताना, त्या चित्रांशी काही संबंध नसलेल्या एका मुस्लिम तरुणाला जमावाने ठार मारले. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही आरोपींना जामीन देताना, मृत व्यक्ती अन्य धर्माची होती आणि आरोपी धर्माच्या नावाने भडकवले गेले होते, ही बाब आरोपींच्या बाजूने धरली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कोणत्याही समुदायाच्या बाजूने वा विरोधात झुकणारी निरीक्षणे न्यायालयांनी करू नयेत, असे बजावले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. युरोपच्या चौकटीत जी गोष्ट शिक्षा वाढवणारी ठरते, ती इथे एका टप्प्यावर सौम्य करणारी ठरली. स्पष्ट कायदा नसेल तर न्यायाधीशागणिक उत्तर बदलू शकते, याचा हा दाखला आहे. तशी दिशा पूर्वी मिळाली नव्हती असेही नाही. १९८३च्या ‘माच्छीसिंग’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या संदर्भात, अनुसूचित जातीच्या किंवा अल्पसंख्य समाजातील व्यक्तीचा वैयक्तिक कारणावाचून, समाजात संताप निर्माण करणाऱ्या परिस्थितीत झालेला खून अधिक गंभीर मानला होता.

तिसरा गट अफवांचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्यांना जमावाने मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेत बळी पडले. त्यामागे धार्मिक हेतू असल्याचा आरोप काहींनी केला, तर तपासात अफवेचे कारण पुढे आले. अशा घटनांत जमाव असतो, पण कलम १०३मध्ये लागणारे ओळखीचे कारण सिद्ध होईलच असे नाही. याउलट ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपला वरिष्ठ आणि तीन मुस्लिम प्रवासी यांना गोळ्या घातल्याचा आरोप आहे. तिथे १५३अ लावले गेले. तेच आज घडले तर झुंडबळीचे कलम लागू होणार नाही, कारण आरोपी एकच आहे. ओळख आणि संख्या अशा दोन अटी एकत्र घातल्याने नवे कलम अनेक घटनांना बाहेर ठेवते.

चर्चेतील मुख्य भूमिका

पहिली भूमिका स्वतंत्र, सर्वसमावेशक कायद्याची. जात, धर्म, भाषा, जन्मस्थान, लिंगभाव, अपंगत्व अशा सर्व निकषांवर, एकट्याने किंवा जमावाने केलेल्या कोणत्याही गुन्ह्यात द्वेषाचा हेतू शिक्षा वाढवणारा ठरावा. मुंबईच्या संदर्भात भाषा आणि जन्मस्थानाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरती परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना झालेली मारहाण अनेकांच्या लक्षात आहे. द्वेषाचा गुन्हा एका माणसावर होतो आणि संदेश संपूर्ण समूहाला जातो, म्हणून त्याचे नुकसानही मोठे असते, हा या बाजूचा मूळ युक्तिवाद आहे.

दुसरी भूमिका: कायदे पुरेसे आहेत, अंमलबजावणी अपुरी आहे. खून, दुखापत, दंगल, बेकायदा जमाव यांची कलमे कडक आहेत. २०१८चे निर्देश बंधनकारक आहेत. समन्वय अधिकारी नावापुरते राहिले तर नवे कलमही कागदावरच राहील. न्याय हा कृतीचा व्हावा, विचाराचा नको, अशी तात्त्विक शंकाही या भूमिकेला जोडलेली असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ‘विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल’ प्रकरणात याला उत्तर दिले होते: शिक्षा ठरवताना न्यायालये नेहमीच हेतू पाहतात, त्यामुळे द्वेषाच्या हेतूने शिक्षा वाढवणे म्हणजे मतांना शिक्षा देणे नव्हे.

तिसरी भूमिका दलित चळवळीतील अनेकांची. सर्वांसाठी एक कायदा आला तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट होईल, अशी त्यांना भीती आहे. ती निराधार नाही. २० मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या ‘सुभाष काशिनाथ महाजन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गैरवापराच्या शक्यतेवरून अटक आणि गुन्हा नोंदणीवर अटी घातल्या. देशभर आंदोलन झाले. संसदेने त्याच वर्षी १८अ हे कलम घालून त्या अटी निष्प्रभ केल्या आणि २०२० मध्ये ती दुरुस्ती वैध ठरली. त्याआधी २०१६ मध्ये कोपर्डीतील मुलीवरील बलात्कार व खुनाच्या घटनेनंतर निघालेल्या मराठा क्रांती मोर्च्यांत या कायद्याचा गैरवापर थांबवण्याची मागणी होती. गैरवापराची तक्रार आणि पीडितांवरच उलट फिर्याद दाखल होण्याची तक्रार, या दोन्ही ग्रामीण महाराष्ट्रात ऐकू येतात. प्रामाणिक आढाव्यात दोन्हींची नोंद घ्यायला हवी. दोन्हींचा निकाल तपासाच्या गुणवत्तेवर लागतो.

संरक्षण कोणाला, या प्रश्नावरच २००५ ते २०१४ या काळातील सांप्रदायिक हिंसा विधेयकही अडले होते. २०११च्या मसुद्यात संरक्षित ‘गट’ म्हणजे धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याक आणि अनुसूचित जाती-जमाती अशी व्याख्या होती. बहुसंख्याकांना वगळणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप आला. राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमणाचाही आक्षेप होता. विधेयक मागे पडले. एकतर्फी की सर्वांना समान, ही निवड तेव्हाही झाली नाही.

भाषणाचा तिढा

सर्वांत मोठा मतभेद भाषणावर आहे. २०१७च्या २६७व्या अहवालात विधी आयोगाने द्वेषाची चिथावणी आणि भीती वा हिंसेला प्रवृत्त करणारे भाषण यांसाठी नवी कलमे सुचवली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड यांना, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना, द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवण्याचे निर्देश दिले. सीमेपलीकडे कर्नाटकच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात द्वेषभाषण आणि द्वेषमूलक गुन्हे या दोन्हींवर विधेयक मंजूर केले. त्यावरही व्याख्येच्या व्यापकतेवरून तीव्र वाद झाला.

सावध राहण्याचे कारण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि लेखकाविरुद्ध १५३अ खाली गुन्हा नोंदवला गेला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. वैर वाढवण्याचा हेतू हाच या गुन्ह्याचा गाभा आहे, असे सांगितले. जे कलम दुर्बलांच्या रक्षणासाठी हवे आहे तेच संशोधकावर चालवता येते, हा धडा अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू मांडणारे वारंवार देतात. आयर्लंडने भाषणाचा भाग बाजूला ठेवून गुन्ह्याचा भाग पुढे नेला. हा मार्ग भारतात फारसा चर्चिला गेलेला नाही.

नोंदीचा प्रश्न

आकड्यांशिवाय या विषयात ठामपणे बोलणे कठीण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०१७ मध्ये झुंडबळी आणि द्वेषमूलक गुन्ह्यांची माहिती गोळा केली. पण या गुन्ह्यांची व्याख्याच नसल्याने ती माहिती विश्वासार्ह नाही, असे सांगून सरकारने ती प्रसिद्ध केली नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांचे आकडे दरवर्षी निघतात, कारण तिथे कायदेशीर व्याख्या आहे. जिथे व्याख्या आहे तिथे आकडे आहेत, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

ब्रिटनच्या पद्धतीचा अनुभव एका मराठी कुटुंबाला अत्यंत दुःखद रीतीने आला. डिसेंबर २०११ मध्ये सॅल्फर्ड येथे पुण्याच्या एका विद्यार्थ्याची रस्त्यात गोळी घालून हत्या झाली. हेतू स्पष्ट नसतानाही, लोकांच्या मनातील भावना ध्यानात घेऊन पोलिसांनी पहिल्यापासून हा द्वेषमूलक गुन्हा म्हणून हाताळला. आरोपीला २०१२ मध्ये जन्मठेप झाली, किमान तीस वर्षांची. हेतूची नोंद तपासाच्या सुरुवातीला करणे म्हणजे निष्कर्ष काढणे नव्हे. एक शक्यता तपासाबाहेर राहू नये, याची ती हमी असते. तरीही युरोपात द्वेषमूलक हल्ले झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक पोलिसांकडे जातच नाहीत, असे तिथल्या मूलभूत हक्क संस्थेची सर्वेक्षणे सांगतात. कायदा जुळवून घेतल्याने विश्वास आपोआप निर्माण होत नाही.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा व्याप्तीचा: एकट्या माणसाने द्वेषातून केलेला खून आणि पाच जणांनी केलेला खून यांत कायद्याने फरक का करावा? दुसरा निकषाचा: ‘कारणावरून’, ‘माहीत असून’ की ‘शत्रुत्व व्यक्त करून’? अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने दुरुस्तीनंतर जो सैल निकष घेतला, तो झुंडबळीच्या कलमात नाही. त्यामुळे खैरलांजीच्या खटल्यातील अडचण तिथे पुन्हा उद्भवू शकते. तिसरा, सर्वसाधारण कायदा आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा एकमेकांशेजारी कसे नांदतील? चौथा, भाषणाच्या खटल्यांत सरकारची पूर्वमंजुरी ही ढाल आहे की अडथळा? पाचवा, राज्याच्या अधिकाराचा: महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये देशातला पहिला कायदा केला, तसा पुढाकार इथे घेता येईल का, की न्याय संहितेनंतर राज्याला फक्त कार्यपद्धतीपुरताच वाव उरतो?

या मुद्द्यांवर एकमत व्हायला वेळ लागेल. एका गोष्टीला मात्र त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. युरोप आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या अनुभवातून एकच निष्कर्ष ठळकपणे निघतो: खटले बहुतेक वेळा शिक्षेच्या टप्प्यावर कोसळत नाहीत, ते पहिल्या आठवड्यातील तपासात कोसळतात. मारताना काय बोलले गेले, पीडिताला कसे ओळखले गेले, आधी कोणते संदेश फिरले, साक्षीदार पीडिताच्या समाजाबाहेरचे आहेत का, हे पहिल्या जबाबातच विचारले आणि लिहिले गेले तर निकष कोणताही असो, न्यायालयापुढे पुरावा असेल. ते लिहिले गेले नाही तर कितीही कडक कलम उपयोगी पडणार नाही. गृहखात्याने प्राथमिक माहिती अहवाल आणि दोषारोपपत्र या दोन्हींत संभाव्य द्वेषहेतूची स्वतंत्र नोंद सक्तीची करावी आणि ती जिल्हावार, दरवर्षी प्रसिद्ध करावी. यासाठी विधानसभेत नवे विधेयक आणावे लागणार नाही. वरील पाचही वाद पुढे नेताना दोन्ही बाजूंना लागणारी माहिती त्यातूनच हाती येईल.